भोंगा, घड्याळ आणि आभासी साउंडकार्ड

पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतीत ज्यांचे आयुष्य गेले अशा एखाद्या आजोबांना विचारा, "पूर्वी पाळीची वेळ कशी कळायची?" ते लगेच सांगतील, "भोंगा व्हायचा!" १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या माळरानावर कारखान्यांची दाटी झाली. १९७० साली येथे नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. त्या काळात हातावर घड्याळ असलेली माणसे थोडी, पण भोंगा सर्वांचा. भोंगा झाला की गृहिणी डबा भरायला घेत, कामगार सायकली काढत आणि ज्याच्याजवळ घड्याळ असे तो आपले काटे जुळवून घेई.

भोंगा आणखी एका प्रसंगी वाजे. कारखान्यात आग लागली किंवा अपघात झाला तर तो अवेळी वाजे व वाजतच राही. म्हणजे एकाच आवाजाची दोन कामे होती. एक वेळ सांगण्याचे आणि दुसरे सावध करण्याचे. आजचा आपला पाठ या दोन कामांचाच आहे. मात्र भोंग्याच्या जागी आता संगणकाचे जाळे आले आहे, आणि त्या जाळ्याला संगणक जोडताना 'आभासी साउंडकार्ड' नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. तो कसा बसवायचा हे आपण शिकणार आहोत. पण नुसती बटणे पाठ करून हे काम साधत नाही. प्रत्येक बटणामागे भौतिकशास्त्रातला एखादा साधा नियम उभा असतो. तो नियम कळला की बटण आपोआप लक्षात राहते.

'जाऊ नका' मधला 'नका'

भोंगा फक्त "धोका आहे" एवढेच सांगतो. कोणत्या दाराने बाहेर पडावे हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी शब्द हवेत, आणि शब्दांसाठी कर्णे हवेत.

अशी कल्पना करा, की चाकणच्या औद्योगिक क्षेत्रातील एका लांबच लांब शेडमध्ये तीन कर्णे एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून, एकमेकांपासून ३४ मीटर अंतरावर टांगले आहेत. तिन्हींमधून एकाच क्षणी सूचना निघते : "पूर्वेच्या दाराने जाऊ नका." तिसऱ्या कर्ण्याखाली उभ्या असलेल्या कामगाराला काय ऐकू येईल?

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे ३४ मीटर जायला त्याला ०.१ सेकंद लागतो. कामगाराच्या डोक्यावरच्या कर्ण्याचा आवाज त्याला लगेच ऐकू येतो. दुसऱ्या कर्ण्यातून निघालेला तोच शब्द ०.१ सेकंद उशिरा येतो आणि पहिल्यातून निघालेला ०.२ सेकंद उशिरा. मराठीतले एक अक्षर उच्चारायला साधारण एवढाच वेळ लागतो. त्यामुळे 'जाऊ'चे शेपूट 'नका'वर येऊन पडते. यंत्रांच्या घरघरीत 'नका' बुडाला तर सूचनेचा अर्थ नेमका उलटा होतो! प्रतिध्वनीच्या धड्यात तुम्ही हीच ०.१ सेकंदाची मर्यादा शिकला आहात. बोलण्यातली स्पष्टता तर त्याच्या निम्म्या विलंबानेही बिघडू लागते.

यावर उपाय काय? आवाज वाढवावा असे पुष्कळांना वाटते, पण त्याने तिन्ही कर्णे सारखेच मोठे होतात व गोंधळ तसाच राहतो. खरा उपाय आवाज *उशिरा* सोडण्याचा आहे. दुसऱ्या कर्ण्याला मुद्दाम ०.१ सेकंद आणि तिसऱ्याला ०.२ सेकंद थांबवायचे. मग पहिल्या कर्ण्याचा आवाज हवेतून चालत तिसऱ्यापाशी पोहोचतो, तेव्हाच तिसरा कर्णा बोलू लागतो. तिन्ही आवाज हातात हात घालून पुढे जातात आणि 'नका' स्वच्छ ऐकू येतो.

युक्ती सोपी आहे, पण तिला एक अट आहे. तिन्ही कर्ण्यांमागच्या यंत्रांना 'आता' म्हणजे नेमके कधी, हे एकमताने ठाऊक असले पाहिजे. ही अट मनात धरून ठेवा. पुढचा सारा पाठ तिच्याभोवती फिरणार आहे.

आवाजाची पाकिटे

चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहासारख्या एखाद्या मोठ्या नाट्यगृहात गेलात, तर रंगमंच आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाची जागा यांतील अंतर डोळ्यांनी मोजा. जुन्या पद्धतीत रंगमंचावरच्या प्रत्येक माइकची स्वतंत्र तार एवढे अंतर ओलांडून जाई. ३२ माइक असतील तर ३२ तारांच्या जोड्या मनगटाएवढ्या जाड केबलमध्ये भरलेल्या असत. त्यातली एक तार तुटली की ती शोधताना घाम फुटे.

१९३७ साली अॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याने वेगळा मार्ग सुचवला होता. आवाजाची तरंगरेषा तारेतून जशीच्या तशी पाठवण्याऐवजी तिची उंची ठरावीक काळाने मोजावी आणि ते आकडे पाठवावेत. ताप आलेल्या माणसाचा तक्ता परिचारिका करते ना, तसेच हे आहे. ती दर दोन तासांनी ताप मोजून आकडा लिहिते आणि ते आकडे पाहून डॉक्टर तापाची चढउतार जाणतात. प्रत्येक मोजणीला आपण 'नमुना' म्हणू.

माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतची वारंवारता ऐकू येते. तरंग नीट पुन्हा उभा करायचा तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घ्यावे लागतात. म्हणून ४०,००० पेक्षा थोडे वर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेण्याची पद्धत व्यावसायिक ध्वनिक्षेपणात रूढ आहे. प्रत्येक नमुना २४ बिटांचा असतो. २४ बिटांत १,६७,७७,२१६ वेगवेगळ्या पायऱ्या मोजता येतात.

आता गुणाकार करा. ४८,००० × २४ = ११,५२,०००. म्हणजे एका माइकचा आवाज नेण्यासाठी सेकंदाला साडेअकरा लाख बिट धाडावे लागतात. ६४ माइकांचा हिशेब सुमारे ७ कोटी ३७ लाख बिटांचा होतो. आज शाळेच्या संगणक कक्षातही जी तार असते, ती सेकंदाला १०० कोटी बिट नेऊ शकते. म्हणजे त्या मनगटाएवढ्या केबलचे काम करंगळीएवढी तार करील आणि तरीही तिच्यात भरपूर जागा उरेल!

या तारेच्या जाळ्याला इथरनेट म्हणतात. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी यांनी त्याची सुरुवात केली. इथरनेटवर माहिती सलग धारेसारखी वाहत नाही, ती पाकिटांत भरून जाते. समजा, एका पाकिटात ४८ नमुने भरले, तर ते पाकीट आवाजाच्या एक सहस्रांश सेकंदाचे झाले. अशी १,००० पाकिटे दर सेकंदाला निघतात आणि प्रत्येकावर पत्ता आणि वेळ लिहिलेली असते.

आवाजाची अशी वाहतूक करणाऱ्या अनेक पद्धती निघाल्या. त्यांपैकी 'दान्ते' ही पद्धत आज फार पसरली आहे. ती ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील ऑडिनेट या कंपनीची असून ही कंपनी २००६ साली स्थापन झाली. निरनिराळ्या पद्धतींना एकमेकींशी बोलता यावे म्हणून २०१३ साली 'एईएस-६७' हे सामाईक मानकही ठरवण्यात आले.

हा विषय आपल्या पट्ट्याला परका नाही. चाकण येथे २०१४ पासून हार्मन या कंपनीचा मोटारींतील ध्वनी व माहितीची यंत्रणा बनवणारा कारखाना आहे. आजच्या मोटारीत गाणे, रस्ता सांगणारा आवाज, फोनवरचे बोलणे आणि पट्टा न लावल्याची टिकटिक असे अनेक आवाज अनेक स्पीकरांतून येतात. जगात बनणाऱ्या काही मोटारींत हे आवाजही इथरनेटच्या जाळ्यातून पाकिटे होऊन धावतात. आणि तेथेही प्रश्न तोच असतो, 'आता' म्हणजे नेमके कधी?

साउंडकार्ड आणि त्याचा आभास

संगणकाला आकडे कळतात, आवाज कळत नाही. म्हणून त्याच्यात साउंडकार्ड नावाचा भाग असतो. माइककडून आलेल्या विद्युततरंगाचे तो आकडे करतो आणि आकड्यांचे पुन्हा विद्युततरंग करून स्पीकरकडे पाठवतो. गाणे वाजवणारा किंवा ध्वनिमुद्रण करणारा कोणताही प्रोग्रॅम या कार्डाशीच बोलतो. जाळ्याशी बोलणे त्याला ठाऊक नसते.

येथे अडचण उभी राहते. जाळ्यावरून आवाज येतो तो आधीच आकड्यांच्या रूपात. त्याला खऱ्या साउंडकार्डाची गरजच नाही, पण प्रोग्रॅम तर साउंडकार्डच मागतो! मग एक युक्ती केली जाते. संगणकात असा प्रोग्रॅम बसवतात, की जो इतर प्रोग्रॅमांसमोर साउंडकार्डाचे सोंग घेतो. ते त्याच्याकडे आकडे देतात, तो ते पाकिटांत भरून जाळ्यावर सोडतो. जाळ्यावरून आलेली पाकिटे तो फोडतो आणि आकडे त्यांच्या हवाली करतो.

सपाट आरशातील प्रतिमेला आपण आभासी प्रतिमा म्हणतो. आरशामागे जाऊन पाहिले तर तेथे काहीच नसते, तरी डोळ्यांना ती खरी वाटते. अगदी त्याच अर्थाने हे आभासी साउंडकार्ड आहे. संगणकाचे खोके उघडून पाहिले तर कार्ड सापडणार नाही, पण प्रोग्रॅमना ते ६४ तोंडांचे भलेमोठे कार्ड दिसते. ऑडिनेटच्या या प्रोग्रॅमचे नावच 'दान्ते व्हर्च्युअल साउंडकार्ड' असे आहे.

मात्र खऱ्या कार्डावर एक वस्तू असते, जी या आभासी कार्डाजवळ नसते. ती वस्तू म्हणजे घड्याळ.

क्वार्ट्झची चूक

सेकंदाला ४८,००० नमुने घ्यायचे तर कोणीतरी ठेका धरला पाहिजे. खऱ्या कार्डावर क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक हा ठेका धरतो. पण दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. समजा, दोन यंत्रांच्या स्फटिकांत दहा लाखांत फक्त ५० इतका फरक आहे. मनगटी घड्याळात एवढ्याने दिवसाला चार सेकंदांची चूक होईल. ती आपण सहज सोसू. पण आवाजाचे काय?

४८,००० × ५० ÷ १०,००,००० = २.४. म्हणजे एक यंत्र दर सेकंदाला २.४ नमुने जास्त धाडते आणि घेणाऱ्याला तेवढे खपवता येत नाहीत. घेणाऱ्याजवळ पाकिटे साठवण्याची एक छोटी टाकी असते. तिच्यात १० सहस्रांश सेकंदांचा, म्हणजे ४८० नमुन्यांचा आणखी साठा मावतो असे धरू. ४८० ÷ २.४ = २००. म्हणजे २०० सेकंदांनी, अवघ्या तीन मिनिटे वीस सेकंदांनी, टाकी ओसंडून वाहील! ओसंडलेले नमुने फेकून द्यावे लागतील आणि कर्ण्यातून 'टक्' असा आवाज येईल. फरक उलट्या बाजूचा असला तर टाकी कोरडी पडून तसाच टक् आवाज येईल. टाकी दुप्पट केली तरी चूक टळत नाही, फक्त सहा मिनिटे चाळीस सेकंदांवर ढकलली जाते.

म्हणून जाळ्यावरच्या सर्व यंत्रांना एकच घड्याळ मानावे लागते. त्या मुख्य घड्याळाला प्रोग्रॅममध्ये 'लीडर' म्हणतात. हाच आपला नवा भोंगा!

भोंगा आणि ढोल

पण भोंग्यावरून घड्याळ लावताना एक खोड असते. भोंगा लांब असला तर त्याचा आवाज उशिरा पोहोचतो. तो किती उशिरा पोहोचला हे अंतर न मोजता कसे कळणार? एक गंमतीचे गणित करू.

कारखान्याच्या फाटकावरील रखवालदार त्याच्या घड्याळात बरोबर ९ वाजता भोंगा वाजवतो. तो तुम्हाला ऐकू येतो, तेव्हा तुमच्या घड्याळात ९ वाजून ८ सेकंद झालेले असतात. या ८ सेकंदांपैकी आवाजाच्या प्रवासाचे किती आणि तुमचे घड्याळ पुढे असल्याचे किती? एवढ्यावरून सांगता येणार नाही.

आता तुम्ही उत्तर द्या. तुमच्या घड्याळात ९ वाजून १ मिनिट होताच ढोलावर टिपरू मारा. रखवालदाराला तो ऐकू येतो, तेव्हा त्याच्या घड्याळात ९ वाजून ५८ सेकंद झालेले असतात. म्हणजे त्याच्या लेखी ढोलाचा आवाज निघण्यापूर्वी २ सेकंद पोहोचला!

समजा, प्रवासाला 'प्र' सेकंद लागतात आणि तुमचे घड्याळ 'च' सेकंद पुढे आहे. मग

प्र + च = ८
प्र − च = −२

दोन्ही समीकरणांची बेरीज केली की २ प्र = ६, म्हणून प्र = ३. वजाबाकी केली की २ च = १०, म्हणून च = ५. तुमचे घड्याळ ५ सेकंद पुढे आहे आणि कारखाना ३ × ३४० = १,०२० मीटर दूर आहे. पट्टी न लावता अंतरही कळले आणि घड्याळही दुरुस्त झाले!

जाळ्यावरची यंत्रे हेच करतात. भोंग्याऐवजी लीडर छोटी पाकिटे धाडतो आणि इतर यंत्रे उलट पाकिटे पाठवतात. या रीतीचे 'आयट्रिपलई १५८८' हे मानक २००२ साली ठरले व २००८ साली सुधारले गेले. यासाठीच बनवलेल्या यंत्रांची घड्याळे या रीतीने सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जुळवता येतात.

या गणितात आपण एक गोष्ट गृहीत धरली होती. ती तुमच्या लक्षात आली का? जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो, असे आपण मानले. जोराचा वारा सुटला असेल तर वाऱ्याच्या दिशेने आवाज लवकर जाईल, उलट दिशेने उशिरा, आणि उत्तर चुकेल. जाळ्यातही असा 'वारा' असतो. एखाद्या ठिकाणी पाकिटांची गर्दी झाली, तर एका दिशेचे पाकीट ताटकळते. बिनतारी वाय-फायमध्ये तर प्रत्येकाला बोलण्यासाठी आपली पाळी यायची वाट पाहावी लागते आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. आता मांडणीचे नियम पाहू. ते सारे या वाऱ्याला आवर घालण्यासाठीच आहेत.

आता प्रत्यक्ष मांडणी

शाळेच्या सभागृहात दान्तेची सोय असलेला मिक्सर आहे आणि स्नेहसंमेलनातील १६ माइकांचे वेगवेगळे मुद्रण संगणकावर करायचे आहे असे समजा. शिक्षकांच्या देखरेखीखाली पुढील क्रमाने काम करावे.

१. संगणक तारेने जोडा. तार व पाकिटे वाटणारी पेटी, म्हणजे स्विच, सेकंदाला १०० कोटी बिट नेणारी असावी. वाय-फायवर हे कार्ड चालवू नये. काही स्विच वीज वाचवण्यासाठी मधूनमधून डुलकी घेतात. ही सोय बंद करावी, कारण डुलकी घेणारा टपालवाला घड्याळाची पाकिटे वेळेवर देऊ शकत नाही.

२. ऑडिनेटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच प्रोग्रॅम घ्या. बसवताना संगणकाच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो आणि परवान्याचा क्रमांक भरावा लागतो. परवाना विकत घ्यावा लागतो. चोरून घेतलेल्या प्रतीत काय दडले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

३. संगणकाची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, "या प्रोग्रॅमला जाळ्यावर जाऊ द्यावे का?" असे विचारील. 'होय' म्हणा. येथे 'नाही' म्हटल्यास पुढे सारे ठीक दिसेल, पण आवाज येणार नाही.

४. पत्ते तपासा. जाळ्यावर पत्ते वाटणारे यंत्र नसेल तर प्रत्येक यंत्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. हे चालते. मात्र सर्व यंत्रांचे पत्ते एकाच गटातले हवेत. एकाच्या पाकिटावर एका पेठेचा आणि दुसऱ्याच्या पाकिटावर दुसऱ्याच पेठेचा पत्ता असेल, तर गाठ पडणार नाही.

५. प्रोग्रॅम उघडा आणि कार्ड कोणत्या रूपात दिसावे ते निवडा. विंडोजवर दोन रूपे असतात. एएसआयओ हे रूप अनेक मार्गांच्या मुद्रणासाठी, तर डब्ल्यूडीएम हे रूप गाणी वाजवणाऱ्या साध्या प्रोग्रॅमांसाठी. आपल्याला १६ माइक मुद्रित करायचे आहेत, म्हणून एएसआयओ निवडू.

६. मार्गांची संख्या १६ × १६ ठेवा. ६४ मिळतात म्हणून ६४ घेऊ नयेत. प्रत्येक मार्ग संगणकाचे श्रम वाढवतो.

७. विलंब निवडा. येथे ४, ६ किंवा १० मिलिसेकंद असे पर्याय दिसतात. हीच ती पाकिटांची टाकी. टाकी मोठी असली तर ताटकळलेले पाकीटही वेळेत पोहोचते, पण आवाज तेवढा उशिरा मिळतो. १० मिलिसेकंदांत ध्वनी हवेत ३.४ मीटर जातो. म्हणजे कर्णा साडेतीन मीटर मागे सरकवल्यासारखे झाले. मुद्रणाला त्याने काही बिघडत नाही, म्हणून १० पासूनच आरंभ करावा.

८. कोणत्या जोडणीवरून काम करायचे ते निवडा. संगणकाला तार आणि वाय-फाय दोन्ही असतात. येथे चुकून वाय-फाय निवडले जाणे ही फार आढळणारी चूक आहे.

९. 'स्टार्ट' दाबा. कार्ड चालू असताना वरच्या निवडी बदलता येत नाहीत. बदल करायचा झाल्यास आधी 'स्टॉप' करावे.

१०. आता 'दान्ते कंट्रोलर' हा विनामूल्य प्रोग्रॅम उघडा. त्यात बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट दिसते. वरच्या बाजूला आवाज देणारी यंत्रे, डाव्या बाजूला घेणारी. मिक्सरचा माइक १ वरच्या रांगेत शोधा, संगणकाचा मार्ग १ डावीकडे शोधा आणि दोन्ही जेथे मिळतात त्या चौकोनावर टिचकी मारा. हिरवी खूण उमटली की जोडणी झाली. एकही तार न उपसता! याच ठिकाणी कोणते यंत्र लीडर आहे हेही दिसते.

११. शेवटी मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये हे कार्ड निवडा आणि नमुन्यांचा वेग ४८,००० ठेवा. मिक्सर ४८,००० वर आणि संगणक ४४,१०० वर असेल तर जोडणी होणार नाही. दोघांचा ठेकाच वेगळा!

चुकले तर कोठे पाहावे?

यंत्र दिसतच नसेल तर तार, पत्ता आणि फायरवॉल या क्रमाने तपासा. हिरवी खूण आहे पण आवाज नाही, तर मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये दुसरेच कार्ड निवडले गेले आहे का ते पाहा. मधूनमधून टक् टक् आवाज येत असेल तर विलंब वाढवा, तरीही येत राहिल्यास स्विचची डुलकी आणि जाळ्यावरची इतर गर्दी शोधा.

आणखी एक प्रसंग फार शिकवून जातो. दोन संगणक घेतले, दोन्हींवर आभासी साउंडकार्ड बसवले, तारेने जोडले, पण आवाज जाईना! याचे कारण आता तुम्हीच सांगू शकाल. दोघांजवळही मुख्य घड्याळ होण्याजोगे घड्याळ नाही. संगणक एकाच वेळी शंभर कामे करीत असतो. त्याला नेमक्या क्षणी ठेका देणे जमत नाही. म्हणून हे आभासी कार्ड लीडरच्या मागे चालू शकते, पण स्वतः लीडर होऊ शकत नाही. जाळ्यावर मिक्सर किंवा अॅम्प्लिफायर यांसारखे दान्तेचे निदान एक खरे यंत्र असावेच लागते. दोन माणसे "तुझे घड्याळ काय म्हणते?" असे एकमेकांना विचारत बसली आणि घड्याळ कोणाजवळच नसले, तर वेळ कळणार कशी?

आभासावर किती भिस्त ठेवावी?

आता पुन्हा त्या शेडकडे वळू. आभासी कार्ड बसवलेला संगणक आधी मुद्रित केलेल्या मराठी व हिंदी सूचना जाळ्यावर धाडू शकतो, आणि कर्ण्यांमागची यंत्रे आपापला विलंब पाळून त्या स्पष्ट ऐकवू शकतात. पाळी बदलल्याची घोषणा, पाहुण्यांचे स्वागत, सुरक्षेचा रोजचा धडा यांसाठी ही सोय उत्तम आहे. पण आगीच्या सूचनेची भिस्त केवळ एका संगणकावर ठेवू नये. संगणक अवेळी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो, आगीत वीजही जाते. म्हणून धोक्याच्या सूचनेसाठी स्वतःच्या बॅटरीवर चालणारी वेगळी यंत्रणा असते आणि ती राखावीच लागते. उपकरणाची शक्ती जाणणे हे जसे विज्ञान आहे, तसेच त्याची मर्यादा जाणणे हेही विज्ञानच.

भोंग्याच्या काळात साऱ्या वसाहतीचे घड्याळ एक होते. आज तारेतून पाकिटे धावतात, पण गरज तीच आहे. अनेकांनी मिळून एक आवाज काढायचा असेल, तर आधी सर्वांची वेळ एक व्हावी लागते.

करून पाहा

मोकळ्या मैदानावर एका मित्राला ढोल व घड्याळ घेऊन १७० मीटर अंतरावर उभे करा. टिपरू पडताना दिसते आणि आवाज नंतर येतो, यातील वेळ मोजा. तो सुमारे अर्धा सेकंद भरावा. दहा वेळा मोजून सरासरी काढा. मग दोघांपैकी एकाचे घड्याळ मुद्दाम काही सेकंद पुढे करा, तिसऱ्याला किती ते सांगू नका, आणि भोंगा-ढोलाच्या रीतीने ती चूक शोधून काढा. वारा असलेल्या दिवशी व नसलेल्या दिवशी उत्तरांत फरक पडतो का, तेही नोंदवा. अर्ध्या सेकंदातला वाऱ्याचा वाटा हाताने मोजता येण्याइतका मोठा असतो का, याचा आधी कागदावर हिशेब करा.

विचार करा

१. कर्णे ५१ मीटर अंतरावर असतील तर दुसऱ्या व तिसऱ्या कर्ण्याला किती विलंब द्यावा लागेल?

२. उन्हाळ्यात हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. मग जानेवारीत लावलेला विलंब मे महिन्यात कमी करावा लागेल की जास्त?

३. दोन स्फटिकांतील फरक दहा लाखांत १० एवढाच असेल, तर ४८० नमुन्यांचा साठा किती वेळाने ओसंडेल?

४. गायकाला स्वतःचाच आवाज १० मिलिसेकंद उशिरा कानात ऐकवला, तर त्याला अडचण का वाटेल, आणि मुद्रण करणाऱ्याला का वाटणार नाही?